वरच्या दिव्याला ग्रहण

हे अनंता, हे करुणाकरा! तू चंद्राला वाट दिलीस, सावलीलाही वाट दिलीस, आणि दोघांची गाठ पडेल तेव्हा माणसाने फार काळ भिऊ नये म्हणून सावलीला निघून जाण्याची वेळही तूच नेमून ठेवलीस. तुला कुणी कुदाय म्हणते, कुणी अल्ला म्हणते, कुणी नाव न घेता नुसतेच आभाळाकडे बघून हात उघडते. तू प्रत्येक हाकेला ओ देतोस. तुझ्या चरणी मस्तक ठेवतो आणि तुझ्या एका लेकीची कथा सांगतो. कथा सुटकेची आहे. मध्ये भयाचा प्रसंग येईल. पण तो जसा येईल तसा जाईलही, एवढा विश्वास मनाशी धरून ती ऐकावी.

त्या लेकीचे नाव बुरुल. इसिक-कूल सरोवराच्या पश्चिम टोकाला, जिथे रेल्वेचे रूळ संपतात आणि पाणी सुरू होते, त्या आमच्या गावात तिला लहानथोर सगळे बुरुल-आपा म्हणत. लोकर धुण्याच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षे काढली. कढत पाण्यात हात घालघालून तिची बोटे नेहमी लाल असत, आणि मेंढीच्या चरबीचा वास तिच्या बाह्यांतून कधी गेला नाही. पण त्याच हातांनी तिने गल्लीतल्या किती बाळांना पहिली अंघोळ घातली, किती म्हाताऱ्यांच्या ओठांना शेवटचे पाणी लावले, याचा हिशेब तिने ठेवला नाही. तो ठेवणारा निराळा आहे.

बुरुलचा वरचा ओठ जन्मतःच उजव्या बाजूने नाकपुडीपर्यंत चिरलेला होता. सतराव्या वर्षी राजधानीतल्या डॉक्टरांनी तो शिवला. चीर गेली, शिवण राहिली. आमच्याकडे अशा ओठाला एक नाव आहे: चंद्राने चावलेला. पोटुशी बाई ग्रहणातल्या चंद्राकडे बघते, चंद्राचा लचका तुटलेला दिसतो, तोच लचका पोटातल्या बाळाच्या ओठाला लागतो, असे आजीने नातीला आणि नातीने तिच्या नातीला सांगितले आहे. म्हणून बुरुल डोक्याच्या रुमालाचे टोक तोंडावर धरून हसे, धरून बोले. लग्नसमारंभात बायका गात तेव्हा ती स्वयंपाकाच्या आडोशाला जाऊन उभी राही, आणि तिथे, कढईच्या चरचराटाखाली, सगळ्यांहून सुरेल गुणगुणे.

पण तिला स्वतःच्या ओठाचे दुःख थोडे होते. खरे दुःख आईचे होते. तिची आई सोनुन डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात राहत होती, बुरुल तिच्या पोटात होती, आणि एका संध्याकाळी चुकलेली मेंढी शोधायला ती तंबूबाहेर पडली. डोंगराच्या कडेवर चंद्र आला तो तुटलेलाच आला. सोनुनने पाहिला, किंचाळली, तंबूत पळाली आणि पांघरुणात तोंड खुपसून सकाळपर्यंत पडून राहिली. तीन महिन्यांनी बुरुल झाली. तेव्हापासून सोनुनला कुणी रागावून बोलले नाही, तरी प्रत्येक नजर बोलत राहिली. चाळीस वर्षे ती माउली पौर्णिमेच्या रात्री डोळे खाली घालून अंगण ओलांडत असे. मरताना लेकीचा हात धरून तिने एवढेच म्हटले, “मी बघायला नको होतं गं.” केवढे हे ओझे! एका मेंढीच्या पायी एक नजर वर गेली, आणि ती नजर तिला जन्मभर खाली घालावी लागली.

आता बुरुलच्या घराकडे येऊ. नवरा आयदोलत, स्टेशनावर सांधेवाला. स्टेशनातले घड्याळ मॉस्कोच्या वेळेवर चाले, कारण साऱ्या रेल्वेचे चाले तसेच. आणि मॉस्को आमच्याहून तीन तास मागे. तीस वर्षे सांधे बदलता बदलता आयदोलतला छापील वेळ दिसली की तीन तास मिळवायची सवयच जडली होती. मुलगा रुळांच्या डागडुजीच्या टोळीबरोबर दूरच्या फाट्यावर होता. घरात होती त्याची बायको, कुंदुझ, चौथा महिना लागलेली. डोंगरापलीकडच्या खेड्यातून वसंतात लग्न होऊन आलेली, कामाला चपळ, बोलायला त्याहून चपळ.

सुनेने सासरच्या थोरामोठ्यांचे नाव उच्चारायचे नाही, आणि नावासारखा ऐकू येणारा शब्दही उच्चारायचा नाही, हा आमचा जुना रिवाज. किरगीझ बोलीत चंद्राला ‘आय’ म्हणतात, आणि सासऱ्याच्या नावाची सुरुवातच ‘आय’ने. तेव्हा कुंदुझने चंद्राला आपला एक शब्द करून टाकला: वरचा दिवा. “आज वरचा दिवा मोठा दिसतोय,” असे ती म्हणे, आणि सासूला कौतुक वाटे.

सप्टेंबरातला गुरुवार होता. सकाळी आयदोलतने चष्मा नाकावर चढवून वर्तमानपत्र वाचले.

“म्हातारे, आज चंद्रग्रहण आहे गं. साडेसहा ते आठ छापलंय. म्हणजे आपल्याकडे साडेनऊ ते अकरा.”

“नीट बघा हं,” बुरुल म्हणाली. “तुमच्या त्या मॉस्कोच्या घड्याळापायी माझ्या भाचीच्या लग्नाला पोचलो, तेव्हा पाहुणे जेवून, ढेकर देऊन घरी गेले होते.”

“ती चूक लग्नवाल्यांची. तीस वर्षांत माझ्या हातून एक गाडी चुकीच्या रुळावर गेली का, सांग?”

“गाडी नाही गेली. बायको गेली.”

कुंदुझ चहा ओतता ओतता खुदकन हसली. पण बुरुलची नजर सुनेच्या पोटावर होती. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकले. चंद्र सातच्या सुमारास पाण्यातून उगवेल तो अख्खा उगवेल. नऊच्या आत सुनेला आतल्या खोलीत बसवायचे, खिडकीवर लोकरीचा जाड नमदा टांगायचा, कात्री-सुई उचलून ठेवायची आणि अकरा वाजेपर्यंत दारात स्वतः बसायचे. नमदा तिने दुपारीच टांगून ठेवला.

पण वर्तमानपत्र आमच्याच राजधानीत छापलेले होते, आणि वेळ आमचीच छापली होती. त्या दिवशी चंद्र ग्रस्तोदित होता. म्हणजे गिळलेल्या स्थितीतच क्षितिजावर येणार होता. हे ना सांध्यावरच्या आयदोलतला ठाऊक, ना कढईपुढच्या बुरुलला.

गुरुवारी आम्ही मेलेल्या माणसांच्या नावाने तेल तापवतो. त्याचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो, आपली आठवण काढली हे त्यांना कळते. बुरुल आईच्या नावाने बोरसोक तळत होती. कणकेचे चौकोनी तुकडे तेलात पडत होते, फुगत होते, सोनेरी होऊन वर येत होते. कुंदुझ सरोवराच्या बाजूला वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेने खांबावर नवा विजेचा दिवा बसवला होता, आणि पोरांनी दगड मारून त्याची पहिली काच दुसऱ्याच दिवशी फोडली होती. एवढे लक्षात ठेवावे, म्हणजे पुढचे बोलणे उमगेल.

कुंपणापलीकडून कुंदुझची हाक आली, “आपा! अहो आपा! वरचा दिवा फुटलाय!”

“मेल्यांनी पुन्हा फोडला!” बुरुल झाऱ्याने बोरसोक परतत ओरडली. “काच खाली सांडलीय का बघ. कुणाच्या पायात घुसेल.”

“खाली काही नाही हो. वरच आहे. उजव्या अंगानं तुकडा गेलाय.”

“मग वर बघ ना! नीट निरखून बघ आणि मला सांग, किती फुटलाय ते. उद्या त्या नगरपालिकेच्या बाबाला जाऊन सुनावते.”

गुणी सून ती. सासूने निरखून बघायला सांगितले, तिने निरखून बघितले.

“तिसरा हिस्सा गेलाय, आपा! रंग पण कसा तांब्याच्या घंगाळासारखा. आणि किती मोठा! आत्ता पाण्यातून पुरता वर आला बघा.”

“पाण्यातून?”

झारा तेलात पडला. खांबावरचा दिवा पाण्यातून कसा येईल? मग बुरुल धावली. तशीच, कणकेच्या हातांनी, चुलीवर कढई सोडून, अंगण ओलांडून, कुंपणाची दोरी तोडून धावली.

आणि समोर तो होता. अजून उजेड पुरता मावळला नव्हता. सरोवर फिकट जांभळे, त्यावर आभाळ गुलाबी, आणि दोहोंच्या सांध्यावर, हात लांबवला तर भिजेल इतक्या खाली, चंद्र. उगवतीला नेहमी असतो तसा थोडा चेपलेला, मोठा, तांबूस. पण उजव्या बाजूने, वरच्या कडेला, लचका तोडलेला. बुरुलने तो लचका पाहिला आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडे गेला. तीच बाजू. तीच जागा.

गल्लीत एव्हाना कळले होते. शेजारची तेंती पातेल्यावर पळी बडवत बाहेर आली. “पकडला, पकडला! सोड गं सावली, सोड त्याला! अगं बुरुल-आपा, सून बाहेर कशी? आत ने, आत ने तिला!” कुत्री केकाटू लागली. स्टेशनाकडून आयदोलत हातात हिरवा बावटा तसाच घेऊन धापा टाकत आला.

“म्हातारे, आज चंद्र तीन तास लवकर आला!”

“चंद्र वेळेवर आलाय. उशीर तुमच्या डोक्यात आहे!”

कुंदुझचा चेहरा पांढरा पडला होता. आता तिला उमगले होते, की आपण कशाकडे बघत उभ्या होतो. तिने पोटावर दोन्ही हात धरले आणि सासूकडे पाहिले. “आपा, तुम्हीच म्हणालात, निरखून बघ...”

श्रोतेहो, हाच तो क्षण. बुरुलने तिचा दंड धरला. दोन पावले घराकडे ओढलेही. आणि मग ती थांबली. तिच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. किंचाळून तंबूत पळालेली, पांघरुणात तोंड खुपसलेली, आणि त्या पांघरुणातून चाळीस वर्षे बाहेर न आलेली सोनुन. तिने चंद्र पकडलेला पाहिला होता. सुटलेला पाहिलाच नव्हता.

“नाही,” बुरुल म्हणाली. “आत नाही जायचं.”

“वेड लागलं का तुला?” तेंती ओरडली.

“लागू दे. तिनं धरलेला बघितलाय, आता सुटलेलाही बघू दे. निम्मं बघून आत पळाली, ती माझी आई पुन्हा बाहेर आलीच नाही.” मग सुनेला जवळ ओढून, कणकेचा हात तिच्या हातात गुंफून ती म्हणाली, “घाबरू नकोस गं. उभी राहा माझ्याजवळ. मलाही भीती वाटतेय. दोघी मिळून बघू.”

त्या दोघी उभ्या राहिल्या. वारा पाण्यावरून येत होता. चंद्र बोटाबोटाने वर चढत होता, आणि सावली उजवीकडून वर सरकत सरकत निसटत होती. आधी तिसरा हिस्सा, मग चौथा, मग नखाएवढी कड. तांब्याचा रंग पितळेचा झाला, पितळेचा चांदीचा झाला. पाण्यावर आधी तुटक तुटक पडलेली उजेडाची पट्टी जोडली जाऊन थेट काठाला लागली. भगवंताने कुणाशी भांडण केले नाही, कुणाला शिक्षा केली नाही. नुसती सावली बाजूला केली.

“सुटला,” कुंदुझ हळूच म्हणाली. “आपा, वरचा दिवा सुटला.”

जुन्या पोथ्यांतून ग्रहण सुटण्याला मोक्ष म्हणतात. त्या रात्री आमच्या गल्लीने आठ वाजता चंद्राचा मोक्ष पाहिला, हात उघडले, तोंडावरून फिरवले, आणि मग सगळ्यांना जळक्या तेलाचा वास आला. कढईतले बोरसोक कोळसा झाले होते.

चंद्र सुटला, बुरुल सुटली नव्हती. आईच्या माथी तिचे डोळे होते, हिच्या माथी हिची जीभ. रात्री अंथरुणावर ती नवऱ्याला म्हणाली, “मीच सांगितलं हो. निरखून बघ, असं माझ्या तोंडानं सांगितलं.”

आयदोलत तिच्याकडे कुशीवर वळला. मग म्हणाला, “आणि मी तीन तास मिळवले. अर्धा दोष तुझा, अर्धा माझा. एकटीनं उचलू नकोस, कंबर धरेल.”

महिनाभराने ती सुनेबरोबर दवाखान्यात गेली आणि डॉक्टरीणबाईंना विचारूनच बसली. बाई म्हणाल्या, “आजी, चंद्राचा काही संबंध नाही. कधी कधी रक्तातून येतं हे, कधी नुसतंच होतं.” हे ऐकून दिलासा मिळावा, तर उलटेच झाले. चंद्र नाही, तर मग आपले रक्त! आता भीतीला दोन दारे झाली. चार महिने बुरुल त्या दोन्ही दारांवर आळीपाळीने पहारा देत बसली. सुनेपुढे मात्र हसत राहिली.

फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, कुंदुझला प्रसूतिगृहात नेले. तिथे नातेवाइकांना आत सोडत नसत. खाली अंगणात उभे राहायचे आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून आईने बाळ दाखवायचे, अशी पद्धत. दुसऱ्या दिवशी दुपारी दारातून एक चिठ्ठी बाहेर आली: मुलगी, साडेतीन किलो, सर्व ठीक.

“बघ, सर्व ठीक लिहिलंय,” आयदोलत म्हणाला.

“ठीक म्हणजे काय ठीक? ओठ ठीक, असं लिहिलंय का?”

“ओठाचं वेगळं कशाला लिहितील?”

“तुम्ही चिठ्ठ्या वाचू नका. मागच्या वेळी वाचलंत ते पुरे झालं.”

अंगणात सात-आठ तरुण बाप बर्फात पाय आपटत उभे होते. वरची खिडकी दुहेरी काचेची, कडांना बर्फाची नक्षी. कुंदुझ आली, दमलेली, हसरी, हातात कापडात गुंडाळलेले गाठोडे. गाठोडे नाकापर्यंत घट्ट बांधलेले. दोन मिटलेले डोळे तेवढे दिसत होते.

“ओठ!” बुरुल ओरडली. “ओठ दाखव गं!”

कुंदुझने कानाला हात लावला. काच जाड, वारा मोठा. तिला काही ऐकू जाईना. तिने बाळ आणखी उंच धरले. बुरुल पुन्हा ओरडली. कुंदुझने मान हलवून खुणेने सांगितले, झोपलीय.

तेव्हा चोपन्न वर्षांच्या त्या बाईने भर दुपारी, अनोळखी पुरुषांच्या देखत, रुमालाचे टोक खाली ओढले, मान वर केली आणि आपल्या शिवणीवर बोट ठेवले. इथे. इथले दाखव.

कुंदुझला एका क्षणात कळले. तिने बोटाने कापड हनुवटीखाली सारले. थंड हवा लागली असेल, झोप मोडली असेल. बाळाने तोंड भरून, मोकळे, मोठे रडे काढले. आवाज खाली आला नाही. पण तोंड दिसले. वरचा ओठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड.

बुरुल बर्फात खाली बसली.

“अगं, काय झालं? पाणी आणू का?” आयदोलत वाकला.

“आई सुटली हो.”

“सुटणारच. परवा घरी पाठवतील म्हणे.”

“कुंदुझ नाही. माझी आई.” तिने त्याची बाही धरली. ती हसत होती आणि डोळ्यांतले पाणी गालावर गार होत होते. “हिनं तर निरखून बघितलं. माझ्या सांगण्यावरून बघितलं. पूर्ण सुटेपर्यंत बघितलं. आणि पोर धड आहे. मग माझ्या आईनं काय केलं होतं हो? एक मेंढी शोधायला गेली होती बिचारी. नुसती मेंढी शोधायला.”

आयदोलतने बावटा धरणाऱ्या त्या खरबरीत हाताने तिच्या गुडघ्यावरचे बर्फ झटकले. एक तरुण बाप जवळ आला, आजीबाईंना उठायला हात दिला आणि विचारले, “नातू का नात?”

“नात,” बुरुल म्हणाली, उघड्या तोंडाने. “आणि तोंड बघ तिचं! गावभर ऐकू जाईल.”

पुढे तेंती एकदा म्हणाली, “कुदायनं वाचवलं हो. ओठ फाटला असता तर सुनेला काय म्हणाली असतीस?”

बुरुल चहाची वाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाली, “फाटला असता तर शिवला असता. आता तर लहानपणीच शिवतात. पण दोष कुणाचाच नसता. तिचा नाही, माझा नाही, आणि त्या बिचाऱ्या चंद्राचाही नाही. त्याच्यावर तर फक्त सावली पडली होती.”

तेंतीने पुढे होऊन तिची वाटी पुन्हा भरली.

हे दयाघना, हे सावली सारणाऱ्या, आता तुझ्यापुढे हात उघडून मागतो. बुरुल-आपाला आयुष्य दे, आणि त्या आयुष्यात तिच्या घशाला मोकळे गाणे दे. आयदोलतच्या सांध्यांना सुरक्षित गाड्या दे, आणि घरी परतताना त्याला गावाची वेळ आठवू दे. कुंदुझच्या पदरात दूध दे, दूरच्या फाट्यावरून तिचा धनी सुखरूप घरी आण. त्या नातीचे रडे हसण्यात बदलत जावो, तिच्या तोंडून खोटे न निघो आणि तिच्या वाट्याला कुणाची खोटी नजर न येवो. सोनुन जिथे असेल तिथे तिची मान वर होवो. त्या चुलीचा विस्तव कधी न विझो, त्या उंबऱ्यावर पाहुणा कधी कमी न पडो, आणि ज्या ज्या घरात एखादी माय न केलेल्या अपराधाखाली मान घालून बसली असेल, त्या घरातही तुझ्या कृपेचा उजेड असाच बोटाबोटाने चढत जावो. ओमिन.